मामांच्या खडूची रेघ

पालघरपासून नवापूरपर्यंत ज्यानं कुणी घरातली भिंत पाडली, त्यानं ती एकतर माझ्या बायकोच्या मामांना विचारून पाडली, नाहीतर पाडून झाल्यावर डोक्याला हात लावला. मामा ना इंजिनियर, ना गवंडी. तारापूरच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. पण कुणाच्या दारात वाळूचा ढीग पडला की खिशात खडू घालून निघालेच. ओट्याची उंची ठरवायला ते टेप काढत नाहीत. घरच्या बाईला उभ्या उभ्या खोट्या चपात्या लाटायला लावतात आणि कोपराखाली चार बोटं सोडून भिंतीवर खूण करतात. प्लगची जागा शोधायला त्यांनी एका शेजाऱ्याला भर दुपारी फरशीवर झोपवून, "आता मोबाईल चार्जिंगला लाव," असं फर्मावलं होतं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, नवी भिंत आधी जमिनीवर खडूनं आखायची आणि चार दिवस तिला खरी मानून राहायचं. "जावई, रेघ फडक्यानं पुसता येते, भिंत नाय," ते मला म्हणाले.

सरावलीच्या आमच्या घराचं काम निघालं, तेव्हा मागचं दार बुजवून तिथं ऐसपैस बाथरूम करायचं मी ठरवलं होतं. आईला विचारलं नव्हतं. तिच्या सोयीसाठीच तर चाललं होतं सगळं! मामांनी दारासमोर रेघ ओढली. मी आणि बायकोनं ती पहिल्याच दिवशी दहादा तुडवली. आई मात्र नेमाची. तिसऱ्या दिवशी मामा आले, तर ती बोंबलांचं ताट घेऊन पुढच्या दारानं बाहेर पडलेली, घराला वळसा घालून मागच्या दाराजवळच्या, मासे साफ करायच्या दगडाकडे निघालेली.

"अवो विहीणबाई, इकडून कुठं?"

"मागं भिंत हाय ना आता," आई म्हणाली.

मामांनी खाली बसून हातानंच रेघ पुसली. चहा घेताना म्हणाले, "मी पन असंच बाथरूमपायी मागचं दार बुजवलं. तुमची मामी त्या दारातनं शेजारणीशी बोलायची. दार गेलं तशी गप झाली. मला वाटलं, घरात शांतता आली." त्या क्षणी मला या माणसाची फार माया वाटली.

आमचं बाथरूम लहानच राहिलं. माझं कोपर रोज आपटतं आणि आई मागच्या दारात बसून मजेत मासे साफ करते. परवा नवापूरला मामांकडे गेलो, तर त्यांच्या बाथरूमच्या भिंतीवर खडूनं दाराची चौकट आखलेली.

"फोडणार?" मी विचारलं.

"चार दिवस बगतो."

"दोन वर्सं झाली त्या चार दिवसांना," मामी आतून हसल्या.

पलीकडची शेजारीण आता वसईला लेकाकडे असते. मामा चौकटीची पुसट झालेली बाजू पुन्हा गिरवत म्हणाले, "सणाला येते ती. दार दिसलं तर हाक मारील."