तीन जावांचं आरमार

थोरलीचं सगळं मोजून-मापून चालायचं. बाजारातल्या कोपऱ्यावर तिचं कपडे अल्टर करायचं दुकान. कात्री लावण्याआधी ती दोनदा टेप धरायची, आणि घरातही तिचा शब्द सहसा खाली पडत नसे. त्यामुळे मधल्या नि धाकट्या जावेने तिला मोबाइलवरच्या लढाईत ओढलं, तेव्हा तिचा नवरा तोंड फिरवून हसला.

खेळ असा, की दोन तुकड्या, प्रत्येक तुकडीची तीन जहाजं, एकेकाचं एक. जी आधी समोरच्यांच्या बंदरात शिरेल ती जिंकली. पण आधी तू, मग मी अशी पाळी नाही. सगळ्यांनी आपापली चाल गुपचूप ठरवायची आणि मग सहाही जहाजं एकदम हलायची. कुठलीही दोन एका जागी आली तर दोन्ही बुडाली, अगदी आपलीच असली तरी. पहिल्याच दिवशी थोरली आणि धाकटी अशा आदळल्या.

"तुला थांब म्हटलं होतं ना?"

"थांबले असते तर संपलोच होतो, वहिनी."

तिघी तीन गावांत. एरवी कुणाच्या लग्नाकार्यातच भेट. आता मात्र दुपार झाली, की थोरली शटर अर्धं ओढून कानात इअरफोन घालायची आणि शिवणयंत्रावर कुणाची तरी पँट तशीच लोंबत राहायची.

तिघी ज्यात उतरल्या होत्या, त्या ऑनलाइन स्पर्धेचा रविवारी शेवटचा सामना होता. समोर कॉलेजातली तीन मुलं, एकदाही न हरलेली. मधलीचं जहाज बुडालं, मुलांचंही एक गेलं. उरलेल्या दोघींना बंदर एका चालीवर आलं. आत जायला दोन वाटा: उजवी रुंद, डावी खडकांतून.

"मी उजवीकडून शिरते," थोरली म्हणाली. "तू जागची हलू नकोस."

धाकटीचं उत्तर येण्याआधीच आवाज तुटला. ही ऐकणार? छे, ही उजवीकडेच घुसणार आणि पुन्हा दोघी तळाला जाणार. वेळ संपत आली. थोरलीने स्वतःचाच बेत मोडला आणि बोट डावीकडे सरकवलं.

जहाजं हलली. मुलांची दोन्ही जहाजं एकामागे एक उजवी वाट अडवून उभी राहिली. ही बाई सरळ वाटेनेच येते, हे त्यांनी ताडलं होतं. धाकटीचं जहाज तसूभरही हललं नव्हतं. आणि थोरलीचं खडकांच्या फटीतून थेट बंदरात.

थोरली स्टुलावरून उठली ती टेप गळ्यात तसाच ठेवून दुकानभर फिरली. एवढ्यात कॉल पुन्हा जोडला गेला.

"वहिनी, तुम्ही डावीकडे कशा? मी आयुष्यात पहिल्यांदा तुमचं ऐकलं."

"मला वाटलं, तू ऐकायची नाहीस."

मधलीला हसू आवरेना. मुलांनी आणखी एक डाव मागितला.

"आता मी काय करू?" धाकटीने विचारलं.

"तुला वाटेल ते कर," थोरली म्हणाली. "फक्त आधी सांग."