पावसचा पिवळा दिवा

मी संशयी माणूस आहे. बायको हे उघड बोलते, मुलगी हसत बोलते आणि दूधवाला मनातल्या मनात बोलत असणार. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर दिली तरी मी आधी वांगी उलटून बघतो. पण हा स्वभाव सगळाच्या सगळा जन्मजात नाही. त्यातला बराचसा मला एका लोखंडी पेटीने लावला. ऐंशीच्या दशकात रत्नागिरी बंदराजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मी जनरेटर ऑपरेटर होतो, तेव्हाची ही गोष्ट.

कोल्ड स्टोरेज कोळंबीचं होतं. बायका हॉलमध्ये कोळंबी सोलायच्या, माल गोठवून आतल्या खोल्यांत रचला जायचा. विजेची लाईन गेली की डिझेलचं मशीन चालू करायचं, आली की बंद करायचं, आणि मधल्या वेळात ते धुऊन-पुसून, तेलपाणी करून तयार ठेवायचं, हे माझं काम. माझ्या हाताखाली एक हेल्पर होते. हाताखाली म्हणायचं एवढंच, वयाने ते माझ्या वडिलांपेक्षा मोठे. संगमेश्वराकडच्या एका गावातले, दोन मुलगे मुंबईला, उभा जन्म लाँचींच्या इंजिनांवर गेलेला. त्यांना सगळे काका म्हणायचे, मीही काकाच म्हणायचो.

माझ्या आधीच्या ऑपरेटरला मालकांनी, म्हणजे शेटनी, काढून टाकलं होतं. डिझेल विकतो म्हणून. विकताना कोणी पाहिलं नव्हतं. पण एकदा लाईन गेली तेव्हा तो जाग्यावर नव्हता, आतला माल नरम पडला, आणि मग आधीपासूनच्या सगळ्या कुजबुजी खऱ्या ठरल्या. मला त्याचं स्टूल मिळालं, त्याची पान्ह्यांची पेटी मिळाली आणि त्याच्यावरचा संशयही मिळाला, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. शेट जनरेटरच्या खोलीत आले की त्यांची नजर आधी माझ्याकडे जाते की टाकीच्या काट्याकडे, हे मी बघून ठेवायचो. टाकीच्या काट्याकडे जायची.

शेट राहायचे पावसला, आपल्या आंब्याच्या बागेत. पावस काही फार लांब नाही, पण त्यांचा टेलिफोन वर्षातला अर्धा काळ मेलेला असायचा. इथे लाईन गेली, मशीन चालू झालं की नाही, हे त्यांना तिथे कळायला मार्ग नव्हता. त्यांचा एक पुतण्या पुण्याला इंजिनीअर होता. त्याने डोकं चालवलं. इथे एक वायरलेसचा सेट, तिथे एक, आणि मध्ये तार नको की खांब नको. परवान्याचे कागद दिल्लीला गेले ते वर्षभर तिकडेच राहिले. परवाना आला तेव्हा शेटनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सगळ्यांना दाखवला.

मग आमच्या पत्र्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यांचा एरियल चढला. पावसला तसाच दुसरा, घरामागच्या सड्यावर, उंच कातळावर. आमच्या खोलीत भिंतीला करड्या रंगाची पेटी बसली आणि शेटच्या ओटीवर तिची जोडीदारीण. तिच्यावर तीन दिवे. हिरवा म्हणजे लाईन आहे. तांबडा म्हणजे मशीन चालू आहे. तिसरा पिवळा. खाली दोन बटणं, एक चालू करायचं, एक बंद करायचं.

जेटीवर बातमी पसरली की शेटना आता आमचं बोलणं पावसला ऐकू येतं. मी शिकलेला, मला ठाऊक होतं की तसं काही नाही. तरी पहिले पंधरा दिवस शेटविषयी काही बोलायचं झालं की मी काकांना खुणेने बाहेर माडाखाली नेत असे.

पुतण्याने सगळं समजावून सांगितलं. "पावसला बटण दाबलं की इथे सेल्फ लागून मशीन चालू होणार. माणूस असो नसो."

मी पहिला प्रश्न हाच विचारला. "आणि त्या वेळी आमचा हात आत असला तर?"

"त्यासाठीच तर हा आहे." त्याने पेटीवरचा काळा नॉब दाखवला. एका बाजूला रिमोट, दुसऱ्या बाजूला लोकल. "मशीनला हात लावण्याआधी लोकलवर करायचं. मग पावसचं बटण मेलं. आणि काकांना कळावं म्हणून तिथे पिवळा दिवा लागतो." तो शेटना काका म्हणायचा.

त्याच्या बोलण्याचा पहिला भाग माझ्या फायद्याचा होता. मी फक्त शेवटचं वाक्य धरून ठेवलं. शेटना कळावं म्हणून.

पहिल्याच आठवड्यात मी फॅनबेल्ट बदलला. नॉब लोकलवर केला, काम आटपून पुन्हा रिमोटवर. शनिवारी शेट जीपने आले. ते दर शनिवारी यायचे. चहा पिता पिता म्हणाले, "मंगळवारी दोन तास पिवळा होता. काय चाललेलं?"

"बेल्ट बदलला, शेट."

"त्याला दोन तास लागतात?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जुना बेल्ट काढायचा, पुली साफ करायची, नवा ताणायचा, पुन्हा बघायचा. लागतात दोन तास. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. गुरुवारी वीस मिनिटं पिवळा, काय होतं? ऑइल बघत होतो. त्याच्या पुढच्या शनिवारी त्यांनी मला काही विचारलं नाही. काकांना एकट्याला गाठून विचारलं. मग मात्र माझी खात्री पटली. मशीन लोकलवर असताना आम्ही टाकीला नळी लावून डिझेल काढतो असं या माणसाच्या मनात आहे, आणि हा दिवा त्यासाठीच बसवलाय.

आज मी हे लिहिताना मलाच हसू येतं. नळी लावायला मशीन लोकलवर करायची गरजच काय? टाकी आणि नॉब यांचा काही संबंध नाही. पण रागाला एवढं गणित येत नाही.

मी ठरवलं, पिवळा दिवा लागूच द्यायचा नाही. दहा-पंधरा मिनिटांचं काम असेल तर रिमोटवरच करायचं. तेवढ्यात काही लाईन जात नाही. आणि गेलीच, शेटनी बटण दाबलंच, तर सेल्फ लागण्याआधी पेटी आधी खरखरायची आणि मग बारीक शिट्टी द्यायची. शिट्टीपासून सेल्फपर्यंत 'एक, दोन' म्हणण्याइतका वेळ मिळायचा. शेट शनिवारी पावसहून निघण्याआधी एकदा बटण दाबून बघायचे. तेव्हा मी काकांना मशीनपाशी उभं केलं, हातात फडका दिला आणि शिट्टीबरोबर हात मागे घ्यायला लावला. असं दोन शनिवारी केलं. दोन्हीदा वेळ पुरला.

"बघा, कसं जमतंय," मी म्हणालो.

काकांना ते पटलं नव्हतं. "माज्या आयुष्यात मशीन मी चालू केल्याबिगर कदी चालू झाला नाय," ते म्हणाले. "तू शिकलेला हायस. तू सांगशील तसा."

त्यानंतर काही महिने पावसला पिवळा दिवा लागला नाही. शेटचे शनिवारचे प्रश्न थांबले. ते चहा पिऊन, मालाचं बोलून निघून जायचे. मला वाटलं, मी जिंकलो.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं आणि मशिनं विश्रांती घेतात. पान्ह्यांपासून बर्फ फोडायच्या टोच्यापर्यंत सगळं धुऊन मांडायचं, मशीनला हार घालायचा, नारळ फोडायचा. आतल्या खोल्या लाईनवर चालू होत्या, जनरेटर मात्र बंद. शेटनी जीपच्या ड्रायव्हरबरोबर झेंडूचे हार आणि नारळ पाठवले होते. निरोप होता की घरची पूजा आटपून दुपारी येतो.

काकांची पूजेची एक पद्धत होती, लाँचीवरून आणलेली. मशीनच्या नुसत्या कपाळावर कुंकू लावून त्यांचं भागत नसे. जो जो भाग फिरतो त्या प्रत्येकाला बोट लागलं पाहिजे. फ्लायव्हील, अल्टरनेटर, पुल्या, आणि सगळ्यात शेवटी रेडिएटरच्या मागच्या पंख्याचा मध्य. त्यासाठी ते पंख्याची जाळी सोडायचे, ती रॉकेलने धुऊन उन्हात ठेवायचे, आणि पूजा झाल्यावर परत बसवायचे.

जाळी सोडताना त्यांनी पेटीकडे मान वळवली. "लोकलवर करू?"

मी म्हणालो, "राहू दे, काका. सणाच्या दिवशी दोन तास पिवळा दिसला तर म्हणतील, सगळी माणसं पूजेला लावून हे दोघं टाकी उपसत बसलेत."

काका जाळी घेऊन बाहेर गेले.

सोलायच्या हॉलमध्ये बायकांनी आपली वेगळी पूजा मांडली होती. तिथली आरती सुरू झाली, घंटा आणि झांजा एकदम वाजू लागल्या. मी उदबत्त्या पेटवत होतो. काका फ्लायव्हीलपासून सुरुवात करून पंख्यापर्यंत आले होते. तेवढ्यात डोक्यावरचा बल्ब गेला. मी वर बघितलं आणि मनात म्हणालो, लाईन गेली. एवढंच म्हणालो. त्या झांजांत पेटी खरखरली असेल, शिट्टी वाजली असेल. मला ऐकू आली नाही. काकांनाही नाही.

मशीन एका दमात लागलं. ते तसंच लागावं म्हणून मी त्याची काळजी घेत होतो. झेंडूचा हार आत ओढला गेला आणि भिंतभर पाकळ्या उडाल्या. काका ओरडले नाहीत. उजवा हात डाव्या हाताने धरून उभे राहिले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी स्टॉपचा दांडा ओढला. मशीन धापा टाकत थांबलं, आणि थांबतं न थांबतं तोच पुन्हा सेल्फ लागला. पावसला तांबडा दिवा लागून विझलेला दिसला, म्हणून शेटनी दुसऱ्यांदा बटण दाबलं होतं. मी पुन्हा दांडा ओढला. मग कुठे मला सुचलं आणि मी तो काळा नॉब फिरवला.

आरतीला थांबलेल्या जीपच्या ड्रायव्हरने आम्हाला सरकारी दवाखान्यात पोचवलं. कुंकू अनामिकेने लावतात. ती आणि तिच्याशेजारची करंगळी, दोन्ही गेल्या.

जीप मग निरोप घेऊन पावसला गेली, आणि शेट दुपारी आले ते थेट दवाखान्यात. कपाळाला गंध तसंच. काकांच्या खाटेशी उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिरवा गेला. मी आधी पिवळा बघितला. विझलेला होता. म्हटलं, यांची पूजा आटपली, सगळी जेवायला गेली असतील, माल नरम पडेल. मगच दाबलं. पिवळा असता तर मी बटणाजवळ गेलो नसतो."

खाटेशेजारचा पाण्याचा तांब्या मी उगाच सरळ करून ठेवला.

"मी तुला दर वेळी विचारायचो ना, किती वेळ पिवळा, काय काम? तिथे बसून मला काय दिसतं रे? दिवा दिसतो. कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते कळल्याशिवाय माझा जीव कसा थाऱ्यावर राहणार? नॉब विसरून कुणी आत हात घातला तर, ह्याचीच मला धास्ती."

हे खरं होतं का, मला अजून माहीत नाही. पावसहून येताना रस्त्यात त्यांनी ते जुळवलं असेल, असं मी किती वेळा तरी स्वतःला सांगून बघितलं. काकांना एकट्याला गाठून का विचारलं, असंही मी त्यांना विचारू शकलो असतो. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मी बघितलं होतं.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "आज लोकलवर करायचं कोण विसरलं?"

 काका विचारत होते, मीच मुद्दाम नको म्हणालो, एवढं बोलायचं होतं. मी शब्द शोधत होतो की पळवाट, ते मला तेव्हाही कळलं नाही.

"मी इसरलो, शेट," खाटेवरून काका म्हणाले. "म्हातारपण. डोक्यात रवत नाय."

शेटनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे, असू दे," म्हणाले आणि डॉक्टरांशी बोलायला व्हरांड्यात गेले.

मी खाटेवर वाकलो. "काका, असं का सांगितलंत?"

त्यांनी पांढऱ्या पट्ट्यांनी गुंडाळलेला हात पोटावर नीट ठेवला. आवाजात राग नव्हता. टाकीत तेल किती आहे ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

"मी नसतो बोललो तर तू बोलला असतास. माजाच नाव घेतला असतास."

मला म्हणायचं होतं, नाही, मी तसं केलं नसतं. इतके महिने ज्या माणसापुढे मी प्रामाणिक ठरायला धडपडत होतो तो व्हरांड्यात दहा पावलांवर उभा होता, आणि मधलं दार उघडं होतं. मी काकांना म्हणालो, पाणी भरून आणतो. तांब्या उचलला आणि मागच्या दाराने बाहेर पडलो.