आडवी पेन्सिल

हल्ली पार्सल कुठवर आलं ते फोन सांगतो. तेव्हा कॅटलॉगमधला फॉर्म टपालात टाकून व्ही.पी. पार्सलची नुसती वाट बघायची. भरतकामाच्या संचासाठी मी रोज पिंपळनेरच्या टपाल कचेरीत जायचे आणि वहीत त्या दिवसाची फुली मारायचे. तो माणूस माझ्याआधीच आलेला असे. त्याच्या खिडकी ते दार अशा येरझाऱ्या चालू असत.

"मन्हं पार्सल उनं का, भाऊ?"

"आलं तर मी घालून पळणार आहे का?" कारकून म्हणे.

त्याने मुलीसाठी धावायचे बूट मागवले होते. मापासाठी कागदावर पाऊल आखून पाठवायचं असे. तसाच दुसरा कागद त्याने खिशातून काढून दाखवला. आखलेलं पाऊल मला फार मोठं वाटलं.

"पेन्सिल मुद्दाम आडवी धरी, अक्का. टपालले टाईम लागस. बूट मोठा व्हई गया त भराले कापूस शे. पाय मोठा व्हई गया त काय करसू?"

धुळ्याची शर्यत दोन दिवसांवर आली, तेव्हा मुलीचं पाऊल त्या रेघेला टेकलं होतं. त्याच सकाळी खोकं आलं. पैसे भरून त्याने व्ही.पी. सोडवली आणि तिथेच बूट कागदावर ठेवला. तो बरोबर रेघेवर बसला.

मग त्याने खिशातून कापसाचा गोळा काढून खिडकीत ठेवला. "हाऊ कानमा घाला, भाऊ. आते या अक्का इचारतीन."

माझा संच यायला आणखी नऊ फुल्या लागल्या. कापूस तोवर खिडकीतच होता.