कप्तानाची बायको माहेरी गेली

चहा घ्या, बिस्किटं घ्या, पण हसायचं नाही, आधी कबूल करा. आणि मग मला सांगा, यात माझी चूक ती काय होती? ताऱ्यांमधून भटकणाऱ्या एका कप्तानापायी इथे जबलपुरात माझं लग्न मोडलं. माझं! मी तर कधी भेडाघाटच्या पुढे गेलो नाही.

झालं असं की, एक इंग्रजी सिरियल आहे. कप्तान यान घेऊन हिंडतो, सोबत एक मुलगी असते, दोघं मिळून ग्रह वाचवतात. फॅक्टरीतून घमापुरला घरी आलं की माझी तेवढीच करमणूक. पण घरात टीव्ही एक आणि त्यावर राज्य आत्याचं. आईबाबांच्या मागे तिनेच मला वाढवलं, त्यामुळे तिच्यापुढे आवाज चढवायची सोय नाही. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगायचो.

पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "ही पोरगी त्याची कोण?"

'कोणी नाही, नुसती सोबत फिरते,' असं म्हटलं असतं तर रिमोट कायमचा तिच्या उशीखाली गेला असता. मी म्हणालो, "बायको."

"मग गळ्यात मंगळसूत्र काहून नाही?"

"यानात धातू चालत नाही, आत्या."

पटलं! अहो, यान कशाचं असतं हेसुद्धा तिने विचारलं नाही. पुढचे सगळे सीझन ती त्या दोघांना कौतुकाने 'जोडा' म्हणायची. मागच्या सीझनच्या शेवटी ती मुलगी रागावून यानातून उतरली, पण तेव्हा आत्याचा डोळा लागला होता. मीही गप्प बसलो. म्हटलं, येईल परत.

कसली येते! लेखकांनी घात केला. नव्या सीझनचा पहिला भाग. कप्तानाचं यान एका लॉन्ड्रीच्या छपरावर आदळतं. आतून एक भलतीच पोरगी इस्त्री उगारत बाहेर येते, छपराची भरपाई मागते, भांडता भांडता यानात डोकावते, डोळे विस्फारते आणि सरळ आत चढून बसते! दार बंद, यान आकाशात. जुन्या सोबतिणीचं नावसुद्धा नाही. मला विचारा किती संताप आला! पण संतापायला वेळ होता कुठे?

"ही कोण?" आत्याने विचारलं.

मी म्हणून गेलो, "बायको बाळंतपणाला माहेरी गेली. ही तिची मावसबहीण, मदतीला आली."

नेमका तेव्हाच सहा हातांचा एक राक्षस आला आणि कप्तान त्या पोरीचा हात धरून पळत सुटला.

"बायको माहेरी, अन् हा मेहुणीचा हात धरून पळून राहिला?"

"राक्षस मागे लागला आहे, आत्या!"

"राक्षस लागला म्हणून हात धराचा? पाय नाहीत का तिले?"

आणि तिने रिमोट उचलला. टीव्ही बंद. माझा भाग अर्धवट राहिला तो राहिला, वर आत्याने त्या कप्तानाच्या बायकोची सुखरूप सुटका व्हावी म्हणून देवापुढे दिवा लावला. मी निमूट हात जोडून मागे उभा.

आणि त्याच आठवड्यात रविवारी आम्हाला नेपियर टाउनला मुलगी पाहायला जायचं होतं. रेवा तिचं नाव, वडील रेल्वेत. खरं सांगतो, फोटो पाहूनच माझा जीव जडला होता. हे स्थळ जमावं म्हणून मी नवा शर्ट शिवून घेतला होता.

खोव्याची जिलबी समोर आली. आत्याने रेवाला विचारलं, "टीव्हीवर काय पाहतेस, बाई?"

तिने त्याच सिरियलचं नाव घेतलं! मी मनातल्या मनात बँड लावला. तेवढ्यात आत्या पुढे सरकली. "मग तुले माहीत असेल. कप्तानाची बायको बाळंत झाली का?"

"किसकी बायको?" रेवा बावरली. "आत्याजी, शादी कहाँ हुई है उसकी? ती तर फक्त सोबत होती. तो तिच्याशी खोटं बोलून राहिला होता ना, म्हणून ती चली गई."

आत्याने सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने आणखी एक जिलबी तोंडात कोंबली.

घरी परतल्यावर दोन दिवस मी फोनभोवती घुटमळत होतो. शेवटी न राहवून विचारलं, "आत्या, त्यांच्याकडून काही?"

"आला होता फोन. होकार आहे त्यांचा. पोरगी खुश आहे."

मी उडीच मारली. "मग?"

"मी नाही म्हटलं."

"काहून?"

"काहून म्हणजे? इतकी खरं बोलणारी पोरगी, तिले तुझ्यासारख्या थापाड्याच्या गळ्यात बांधू? मले देवाले तोंड दाखवाचं आहे."

बघा! मुलीचा होकार आणि मुलाला नकार मुलाच्याच घरून! असा अन्याय कुठे ऐकलाय?

बरं, एवढ्यावर थांबावं ना? शनिवारी दार वाजलं. उघडतो तर रेवा! आत्याने तिला बोलावलं होतं, सिरियल पहिल्यापासून नीट समजावून सांगायला. दोघी माझ्या सोफ्यावर बसल्या. मी आपला उभा.

"आत्या, मी कुठे बसू?"

"बसतोस काहून? चहा ठेव," आत्या म्हणाली. "अन् ऐक, तुझ्या फॅक्टरीत एखादा चांगला मुलगा असेल तर सांगजो. हिच्यासाठी पाहून राहिलो आम्ही."