थोरलीचे स्क्रू आणि धाकटीची टाच

लॉन्ड्रीतल्या दोन्ही जावा एकाच दिवशी, एकाच फळीवरून, एकाच गठ्ठ्यापायी पडल्या, याचं आमच्या गल्लीत कुणालाच नवल वाटलं नाही. पोटमाळ्यावरचा पडद्यांचा गठ्ठा थोरली म्हणे मी काढते, धाकटी म्हणे मी. दोघींनी दोन टोकं धरून ओढली, फळी निसटली आणि दोघी उभ्याच्या उभ्या फरशीवर आल्या. थोरलीची उजवी टाच मोडली, धाकटीची डावी. गठ्ठा सुखरूप होता.

डॉक्टरबाईंनी दोन्ही एक्स-रे शेजारी शेजारी लावले. थोरलीचं हाड सांध्यापाशी पार खचलेलं. ऑपरेशन करून धातूची पट्टी आणि स्क्रू बसवणं भाग होतं. धाकटीच्या हाडाला तडे होते, पण तुकडे जागच्या जागी. वर तिला साखरेचा आजार.

"टाचेची कातडी नाजूक असते," डॉक्टरबाई धाकटीला म्हणाल्या. "तुमच्या साखरेत जखम चिघळायची भीती. हाड हललेलं नाही, तर कापायचं कशाला?"

"म्हणजे मला ऑपरेशन नाही?"

"नाही."

"यांना मात्र आहे."

वाटणीत तिच्यावर अन्याय झाल्यासारखा तिचा चेहरा झाला. थोरली पडल्या पडल्या गालात हसली.

धाकटीचा जीव अडकला होता तो इस्त्रीच्या टेबलात. टेबल खिडकीपाशी. तिथे दिवसभर उभं राहून शर्ट सरळ करता करता कोण कुणाशी बोलतं आणि कोण कुणाला टाळतं, सगळं दिसे. थोरली बसायची आत गल्ल्यावर, भिंतीकडे तोंड करून. त्या खिडकीवर तिचा डोळा जुनाच.

"अगं, नुसत्या प्लास्टरवर तू काय उभी राहणार?" घरी येताच तिने सुरुवात केली. "माझ्यात लोखंड असणार. टेबल मी घेते, तू बस गल्ल्यावर."

"जाऊबाई, जिचा पाय संध्याकाळपर्यंत टेबलाशी टिकेल, टेबल तिचं."

"ठरलं."

पण ऑपरेशन लगेच होईना. थोरलीचा पाय भोपळ्यासारखा टम्म सुजलेला, आणि सूज उतरून कातडीवर सुरकुत्या पडल्याशिवाय हात लावायचा नाही, असं डॉक्टरबाईंचं म्हणणं. जन्मभर लोकांच्या सुरकुत्या मोडून पोट भरणाऱ्या घरात आता सुरकुत्यांची वाट पाहणं सुरू झालं. नवरा, दीर, दूधवाला, जो तो वाकून पाय बघून जाई.

"पडली का एखादी?" उशीवर पाय टाकलेली धाकटी पलीकडून विचारी. "पायावर नसतील तर चेहऱ्यावरच्या चालतात का, विचारा त्यांना."

थोरलीने दिवसभर अबोला धरला. गल्लीला सुट्टी मिळाली.

शेवटी सुरकुत्या पडल्या, ऑपरेशन झालं आणि नवा एक्स-रे दुकानातल्या आरशाशेजारी लटकला. कपडे न्यायला येणाऱ्याला आधी स्क्रू बघावे लागत, मग पँट मिळे.

धाकटीकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. डावा पाय जमिनीला टेकवायचा नाही, पण घोटा आखडू द्यायचा नाही, म्हणून प्लास्टर निघाल्यावर तिला अंगठ्याने हवेत अक्षरं काढायला सांगितली होती. ती थोरलीकडे बघत बघत काढी.

"काय लिहितेस गं?"

"तुमचं कौतुक."

"एवढं लांब?"

"वेलांट्या फार आहेत."

तिकडे टेबलाशी पगारी माणूस ठेवला होता. गल्लीने त्याचं नाव करप्या ठेवलं, यात सगळं आलं. कॉलर जळाल्याचा वास आला की धाकटी दातओठ खात आणखी एक ओळ लिही. डॉक्टरबाईंनी दोघींना पायावर भार द्यायची परवानगी दिली आणि दुकानात धाकटीची टाच पहिल्यांदा जमिनीला टेकली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते इस्त्रीच्या वाफेवर ढकललं.

मग हॉस्पिटलातून डॉक्टरांच्या कोटांचा ढीग आला. करप्याला रजा दिली. दोघी जावा टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या, दोघींच्या हातात इस्त्री. दुपार झाली. थोरलीची टाच ठणकत होती, धाकटीची भरून आली होती, पण स्टुलाकडे बघायचीही कुणाची छाती नव्हती. खोटं कशाला बोला, गल्लीतल्या निम्म्या बायकांना त्या दिवशी खिडकीसमोरच काम निघालं होतं.

संध्याकाळी एकच कोट उरला, डॉक्टरबाईंचा. दोघींनी एकदमच धरला, एकेक बाही.

"मी करते."

"मी करते."

धाकटी थांबली. "जाऊबाई, पडद्यांचा गठ्ठा आठवतोय ना?"

थोरलीने बाही सोडली. आधी नाकातून हसली, मग स्टूल ओढून खिडकीपाशी बसली ती बसलीच. धाकटीने कोट उभ्यानेच केला, शिवण न् शिवण. मग तो उंच खुंटीला लावायला ती चवड्यांवर उभी राहिली. डावी टाच जमिनीपासून हळूहळू वर गेली, थरथरली आणि वरच राहिली. कोट अडकला.

"उतर खाली," थोरली म्हणाली. "स्क्रू मला घातले आणि चढतेस तू."

दुसऱ्या दिवशी गल्ला खिडकीपाशी आला. टेबल जागचं हललं नाही.