मी तिला उन्हाळी म्हणत राहिले

"पायलोनेफ्रायटिस," डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, बाळालाच काहीतरी झालं.

"बाळाला नाही, तुम्हाला," ते हिंदीत म्हणाले. "किडनीला सूज आली आहे. लघवीच्या वाटेने जंतू चढत चढत तिथपर्यंत गेलेत. ताप उतरला नाही तर मात्र बाळाचंही अवघड आहे."

मला सहावा महिना होता. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि हे पहिलंच.

मग त्यांनी विचारलं, "दिवसभरात लघवीला किती वेळा जाता?" शेजारी आमचे हे उभे. मी लाजले. तापाने फणफणलेय, आणि लाजतेय काय! "ऑफिस असेल तेव्हा जात नाही," मी पुटपुटले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे अजिबात नाही?"

अजिबात नाही. असं का, ते सांगते, पोरींनो. तुमच्यातल्या कितीजणी आजही हेच करत असतील.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. ह्यांची कलकत्त्याला बदली झाली, म्हणून मीही बँकेतून बदली मागून घेतली. ऑफिस तिथल्या डलहौसी चौकात, दुसऱ्या मजल्यावर. एवढा स्टाफ, त्यात बायका दोन, मी आणि मिनोतीदी. पुरुषांना मुतारी होती. बायकांसाठीही सोय होती म्हणे, दारावर 'लेडीज' अशी पाटीसुद्धा होती. आत छतापर्यंत जुन्या फायली आणि नळ केव्हाच तोडलेला. मी मॅनेजरसाहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "दोघींसाठी? जागेची टंचाई बघताय ना, मॅडम? जरा ॲडजस्ट करा."

केलं ॲडजस्ट. मिनोतीदीने पहिल्याच आठवड्यात मंत्र दिला, "जोल खेयो ना." पाणी पिऊ नकोस. सकाळी घरून निघताना जाऊन यायचं, ते पुन्हा घरीच. कलकत्त्याचा तो चिकट उकाडा, वीज गेलेली, पंखे बंद. समोर बाप्ये मातीच्या भांड्यातून चहावर चहा ढोसतायत आणि आम्ही जिभेने ओठ ओले करतोय. खाली रस्त्यावर त्यांना अख्खी भिंत मोकळी. नुसता संताप यायचा.

सुरुवातीला अगदीच अनावर झालं की आम्ही शेजारच्या इमारतीत जायचो. एक आत, दुसरीने दार धरायचं. शाळेत आम्ही "बाई, एकीला जाऊ?" विचारायचो, आणि एकीचं बळ म्हणतात ते हेच, असं मी मिनोतीदीला वाटेत समजावून सांगितलं. ती पोट धरून ओरडली, "हाशियो ना, हाशियो ना!" हसवू नकोस, पंचाईत होईल. पुढे तिथल्या दरवानाने आम्हाला मनाई केली.

आणि मग मला दिवस गेले. पोटात बाळ असलं की घटकेघटकेला लागते. मी दाबून धरायची. हळूहळू जळजळ सुरू झाली. आपल्याकडे त्याला काय म्हणतात? उन्हाळी लागली. झालं! शब्दातच ऋतू, मग आजार कशाला म्हणायचं? मी सकाळी धने-जिऱ्याचं पाणी पिऊन जायची आणि तेच संध्याकाळपर्यंत धरून बसायची. काय हे शहाणपण! गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले तर बाकावर सगळे पुरुष. उन्हाळीला हिंदीत काय म्हणायचं, देव जाणे. मी म्हणाले, "गर्मी की तकलीफ है." त्यांनी ग्लुकोज दिलं आणि उन्हात फिरू नका म्हणून सांगितलं. त्यांची तरी काय चूक?

मग पाठीत, बरगडीखाली कळा यायला लागल्या. एक दिवस ट्राममध्ये अशी हुडहुडी भरली की दातावर दात आपटायला लागले. घरी पोचले तशीच ह्यांनी मला टॅक्सीत घालून हॉस्पिटलात आणलं.

तिथे 'युरिन कल्चर' करायचं ठरलं. म्हणजे लघवीतले जंतू वाढवून कुठलं औषध लागू पडेल ते बघतात. त्याला दोन-तीन दिवस लागतात. तोवर सलाइन, इंजेक्शनं आणि वाट बघणं. नमुन्यासाठी भांडं दिलं तर मला होईचना. इतके महिने दाबून ठेवलेलं शरीर, आता ऐकेना. वॉर्डातल्या आयाबाईंना सगळे माशी म्हणायचे, बंगालीत मावशी. त्या माशीने मगातून बारीक धार सोडली आणि तान्ह्या मुलाला करतात तसं "शू, शू" केलं. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

रिपोर्ट यायच्या आधीच बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या. "तापामुळे, इन्फेक्शनमुळे," डॉक्टर म्हणाले. "थांबवायचा प्रयत्न करतोय." नाही थांबल्या. मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढीशी, नाक मात्र ह्यांचं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. "फुप्फुसं तयार नाहीत. जवळ घ्या तिला."

माशीने फडक्यात गुंडाळून ती माझ्या हातात दिली. थोड्या वेळाने मनगटाला ऊन ऊन लागलं. तिने शू केली होती. लागली आणि केली, कुणाला विचारणं नाही की लाजणं नाही. "शाब्बास गं बाई," मी म्हणाले. तिच्याशी मी तेवढंच बोलले. दुपारी ती गेली.

मी बरी झाले. औषध लागू पडलं, किडनी वाचली. येणारेजाणारे म्हणत, देवाची कृपा. मला त्या देवाशी बोलायचंच नव्हतं. पुन्हा दिवस राहिले नाहीत.

म्हणून सांगते, जळजळ झाली तर तिला उन्हाळी म्हणू नका. समोर कोणीही बसलेलं असो, लघवी हा शब्द तोंड भरून म्हणा. भरपूर पाणी प्या. आणि कोणी ॲडजस्ट करा म्हणालं तर करू नका.

कामावर परत गेले त्या दिवशी मी सरळ त्या दाराशी गेले आणि फायली ओढून मॅनेजरसाहेबांच्या केबिनसमोर टाकायला लागले. मिनोतीदी उठून आली आणि तीही टाकायला लागली. साहेब बाहेर आले. त्यांनी ढीग बघितला, मग माझं पोट बघितलं, आणि आत निघून गेले. आठवड्याभरात नळ जोडून झाला.

"तुमी आगे जाओ," मिनोतीदी म्हणाली. तू आधी जा.

मी आत जाऊन कडी लावली. भिंतीला नवा चुना, नळाला पाणी. खरं तर मला लागलीही नव्हती. नळ सोडला आणि हंबरडा फोडला. बाहेर मिनोतीदी दाराला पाठ लावून उभी होती, कोणाला जवळ येऊ देत नव्हती.

एवढंसं दार हो, आणि आतून एक कडी. एवढ्यासाठी माझी मुलगी गेली.