वाचवत नाही

फोन आला तेव्हा धाकटी एका कोटाच्या कॉलरवरचा डाग निरखत होती. कपडे धुऊन, इस्त्री करून देण्याचं दुकान तिचं आणि तिच्या नवऱ्याचं. तो मागे वाफेत, ती पुढे काउंटरवर. फोन आजारपणाचा भत्ता देणाऱ्या कार्यालयातून होता आणि पलीकडचा कारकून आवाज खाली आणून, अवघडल्यासारखा बोलत होता.

"तुमच्या जाऊबाईंच्या अर्जावर साक्षीदार म्हणून तुमचं नाव आहे. जरा नाजूक बाब आहे हो. त्यांनी लिहिलंय, 'दुपारनंतर मला वाचवत नाही.' कोण वाचवत नाही त्यांना? घरात कुणाचा त्रास आहे का?"

"घरात त्या एकट्याच असतात," धाकटी म्हणाली. "त्रास द्यायचा तर भिंतींनीच दिला पाहिजे."

"तसं नाही, विचारावं लागतं. शिवाय त्यांनी होय-नाहीच्या सगळ्या चौकटी खोडून बाजूला मजकूर लिहिलाय. असा अर्ज चालत नाही. फेरतपासणी येत्या शुक्रवारी आहे. साक्षीदाराने बरोबर यायचं. रोज जे बघता तेवढंच सांगायचं."

फोन ठेवला तेव्हा बँकेतल्या बाई समोरच उभ्या होत्या. त्या दर आठवड्याला दोन कोट आणि एक टोमणा घेऊन यायच्या. "जाऊबाईंचं ना? परवा बाजारात दिसल्या मला. चांगल्या टुणटुणीत होत्या की! अजून मिळतो का हो त्यांना भत्ता? नाही, बरंच आहे म्हणा. आम्ही आपलं कर भरायचं काम करतो."

धाकटी हसली. गेली सहा वर्षं ती या वाक्यावर अशीच हसत होती. गिऱ्हाईक तोडायचं नाही म्हणून हसत होती, असं ती स्वतःला सांगायची. पण खरं सांगायचं तर ते हसू सगळंच काही उसनं नव्हतं. तिने स्वतःही थोरलीला टुणटुणीतच पाहिलं होतं. दर रविवारी सकाळी ती डबा घेऊन जायची, तेव्हा थोरली दारात उभी असायची, केस विंचरलेले, बोलणं खणखणीत. मग एखाद्या दिवशी धाकटीच्याही मनात यायचंच, की बाई, मी दिवसभर इथे पायांवर उभी आणि तुम्ही तिथे खिडकीत बसून.

आणि आता हे! कुणी वाचवत नाही म्हणे. दीर गेल्यापासून डबे कुणी पोचवले? धाकटीचं डोकं फिरलं. दुकान नवऱ्यावर टाकून ती तशीच निघाली. चार वाजले होते. सहा वर्षांत त्या घरी ती चार वाजता कधी गेलीच नव्हती.

दार उघडायला बराच वेळ लागला. उघडलं तेव्हा धाकटीला क्षणभर वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच मजल्यावर आलो. थोरलीची डावी पापणी पूर्ण मिटलेली, उजवी अर्धी. मान भिंतीला टेकवलेली. हनुवटीखाली तिने स्वतःचीच दोन बोटं लावली होती.

"कोण वाचवत नाही तुम्हाला?" धाकटीने उंबऱ्यातूनच सुरू केलं. "सरकारी माणसाचा फोन आला दुकानात! गिऱ्हाइकासमोर! मी काय छळते तुम्हाला?"

थोरलीला आधी काही कळेना. मग कळलं आणि ती हसायला लागली. पण ते हसू मधेच घसरलं. ओठांचे कोपरे वर जायचे ते जाईनात. चेहरा हसतोय की रडतोय ते ओळखू येईना, नुसता घशातून आवाज येत राहिला. भिंतीला धरत धरत ती टेबलापाशी गेली, खुर्चीवर टेकली, पेन्सिल घेतली आणि कागदावर लिहिलं: *वाचन. वाचवणे नव्हे.*

आणि खाली, जरा वेळाने: *दुपारनंतर बोलवत पण नाही. सकाळी ये. तेव्हा भांडू.*

लिहिता लिहिता हात थकला तशी अक्षरं लहान होत गेली होती, पण एकाही वेलांटीत चूक नव्हती.

थोरलीचं सगळं आयुष्य त्या वेलांट्यांत गेलं होतं. सत्तावीस वर्षं ती एका छापखान्यात प्रुफं वाचायची. कादंबऱ्या-बिदंबऱ्या नाहीत, औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला असतो ना, तो मुंगीच्या अक्षरांचा कागद. गोळी कधी घ्यायची, किती घ्यायची, कुणी घ्यायची नाही. मग एका दुपारी तिला एका टिंबाची दोन टिंबं दिसली. डोळा चोळला, तरी दोनच. पुढे दुपारी ओळी एकमेकींवर चढायला लागल्या, पुढे घास चावताना जबडा थांबायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि मग सोपं करून सांगितलं: तुमच्या स्नायूंना एखादी गोष्ट करता येते, पण पुन्हा पुन्हा केली की ते दमून जातात. विश्रांती दिली की परत येतात, थोडे. त्याच आठवड्यात थोरलीने राजीनामा दिला. मालक म्हणाले, सकाळच्या वेळेपुरत्या या. ती म्हणाली, "आणि सकाळ नेमकी कधी संपली ते मला एक पान उशिरा कळलं तर? तेवढ्यात कुणी दुप्पट गोळ्या खाल्लेल्या असतील."

फोन आला त्या दिवशी धाकटी घरी परत गेलीच नाही. साक्षीदाराने रोज जे दिसतं तेवढंच सांगायचं होतं, आणि तिने रोजचं काहीच बघितलेलं नव्हतं. तिने नवऱ्याला कळवलं, शुक्रवारपर्यंत मी इथेच. "आणि काउंटर?" तो म्हणाला. "उभे राहा थोडे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिने पडल्या पडल्या पाहिलं. थोरलीने आधी गोळी घेतली, मग अर्धा तास ती नुसती पडून राहिली, छताकडे बघत. मग उठली. कंगवा केसांकडे नेला नाही. कोपर खिडकीच्या चौकटीवर टेकवून कंगवा तसाच धरला आणि डोकंच कंगव्यातून फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. चहा अर्धा कप, कारण भरलेला कप जड. दिवसभराचं जेवण सकाळी सातलाच, कारण चावायचं तर आत्ता. दोन वाट्या एकदम उचलल्या नाहीत. वरच्या फळीवर काहीही नव्हतं, सगळं घर कमरेच्या उंचीला उतरून आलेलं होतं. धाकटीने सहा वर्षं रविवारी येऊन डबा त्याच वरच्या फळीवर ठेवला होता आणि थोरलीने एकदाही म्हटलं नव्हतं, की अगं, तिथे नको.

"मग तुम्ही काढता कसा तो?"

"सोमवारी खालचे मास्तर येतात, त्यांच्या औषधाचा कागद वाचून घ्यायला. त्यांच्याकडून काढून घेते."

"तेच ना, जिन्यात ओरडून सांगतात ते, आमच्या पैशांवर लोक मजा मारतात म्हणून?"

"तेच. पण उंच आहेत."

सव्वानऊला थोरली खाली उतरली. धाकटी मागे. चौदा पायऱ्या, औषधांच्या दुकानापर्यंत, तिथल्या बाकावर बसणं, मग दूध, मग ब्रेड, पुन्हा बाक. रस्त्यात ती ताठ चालत होती. ओळखीच्यांना मान हलवत होती, एकाला चक्क चिडवलंही. परत येताना सातव्या पायरीवर घडीचं वर्तमानपत्र अंथरून बसली, आणि पापणी तिथेच, त्या पायरीवर, खाली यायला लागली. घरात आल्यावर धाकटीने घड्याळ बघितलं. दहाला दहा कमी. म्हणजे जगाने थोरलीला दिवसातली पस्तीस मिनिटं पाहिली होती आणि त्यावरून उरलेला सगळा दिवस ठरवून टाकला होता. जगाने म्हणजे कुणी, ते धाकटीला ठाऊक होतं. त्यात तीही होती, रविवारचा डबा घेऊन.

दुपारी तीनला थोरलीला दाराची बेल ऐकू आली तरी उठवलं नाही. पाचला पाणी पिताना तिने डोकं खाली वाकवलं, घोट कुठल्या वाटेने जाईल याचा अंदाज घेतला, गिळला, थांबली, पुन्हा अंदाज घेतला. एक पेला पाण्याला अकरा मिनिटं लागली. धाकटी समोर बसून बघत राहिली. डोंगर चढणारी माणसं तिने चित्रांत पाहिली होती, दोर बांधलेली, एकेक पाऊल टाकणारी. इथे दोर नव्हता आणि बघायलाही कुणी नव्हतं. पेला रिकामा झाल्यावर थोरलीने तो सरकवून ठेवला आणि बोटाने टेबलावर टकटक केलं. हे झालं, पुढे.

शुक्रवारची वेळ सकाळी दहाची होती.

"नेमकी तुमच्या बऱ्या वेळेची!" धाकटी कपाळावर हात मारून म्हणाली. "तिथे तुम्ही टुणटुणीत दिसणार आणि त्या लोकांना तेवढंच हवं असणार. जाऊबाई, ऐका माझं. आज गोळी नका घेऊ. एक दिवसाने काय होतंय? भत्ता गेला तर ही खोली जाईल. आमच्याकडे या, मी नको म्हणत नाही, पण आमचा जिना तीन मजल्यांचा आहे."

थोरलीने गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायली.

"बरं, निदान कण्हा तरी जरा! खांदा पाडा एक."

"खोटं कण्हायलाही ताकद लागते, धाकटे. माझ्याकडे खऱ्यापुरतीच आहे."

तपासणीच्या खोलीत एक वजनकाटा, एक पडदा आणि टेबलामागे एक डॉक्टरीणबाई होत्या. वाईट नव्हत्या, घाईत होत्या. भिंतीवर भत्त्याचे नियम छापून लावलेले होते. "हात वर करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. थोरलीने केला. "येतो," त्यांनी खूण केली. "उठून उभ्या राहा. चाला दारापर्यंत. बसा." येतं, येतं, येतं.

"आणि हे 'वाचवत नाही'..." डॉक्टरीणबाई हसल्या. "आमच्या कारकुनाने तर पोलिसांना कळवायची तयारी केली होती. वाचता येतं ना तुम्हाला?"

"येतं."

"मग?"

थोरली काही म्हणणार तेवढ्यात धाकटीच पुढे सरकली. "बाई, मला व्याकरणातलं कळत नाही. पण दुकानात कोट टांगायला हात वर करता येतो का, असं नवऱ्याने विचारलं ना, तर तो एका कोटाबद्दल विचारत नसतो. तुम्ही यांना एकच कोट टांगायला लावलात."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे बघितलं, मग थोरलीकडे.

"काहीतरी द्या," थोरली म्हणाली. "मोठ्याने वाचते. तुम्ही ऐका."

त्यांनी भिंतीवरचाच नियमांचा कागद काढून समोर ठेवला. थोरली वाचायला लागली. पहिला परिच्छेद तिने असा वाचला, की बाहेर बाकावर बसलेल्या माणसांनीही ऐकला असेल. दुसऱ्याच्या मध्यावर आवाज नाकात गेला. तिसऱ्यात डावी पापणी उतरली. तिने मान कलती करून उजव्या डोळ्याने वाचन चालू ठेवलं. शब्द जाड झाले, एकमेकांना चिकटले. दोन बोटं हनुवटीखाली गेली.

"पुरे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुरे, बाई. दिसलं मला."

थोरलीने मान हलवली. नाही. परिच्छेद पुरा व्हायचा होता. अर्धवट प्रूफ तिने आयुष्यात टेबलावरून जाऊ दिलं नव्हतं. आता ऐकू येत होता तो नुसता श्वास, अधेमधे एखादं अक्षर. पण नख ओळीखालून पुढे सरकत होतं, शब्दामागून शब्द, थांबत होतं, सरकत होतं. धाकटीला आठवलं ते पेलाभर पाणी. शेवटच्या ओळीत ते नख एका शब्दावर रुतलं. *दिर्घकालीन आजार.* थोरलीने दुसऱ्या हाताने टेबलावरचं पेन ओढलं, ऱ्हस्व वेलांटी छेदली आणि शेजारी समासात, वेडीवाकडी पण दीर्घ, वेलांटी काढली. मग पेन सुटलं आणि हात टेबलावर जसा पडला तसाच राहिला.

डॉक्टरीणबाई त्या वेलांटीकडे बघत राहिल्या. घाई कुठे गेली कोण जाणे. "हा कागद चार वर्षं माझ्या डोक्यावर लटकतोय," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी अर्ज ओढला. आपल्याच खुणांपुढे, हात वर येतो, उठता येतं, चालता येतं, वाचता येतं, एकेका ठिकाणी थांबून त्यांनी एकच शब्द लिहिला: एकदा. एकदा. एकदा. एकदा.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. भत्ता चालू. दोन वर्षांनी पुन्हा तपासणी. म्हणजे दोन वर्षांनी पुन्हा हेच. थोरलीने पत्र वाचलं आणि कमरेच्या उंचीच्या फळीवर, डब्याशेजारी ठेवलं.

बँकेतल्या बाई मंगळवारी आल्या. दोन कोट काउंटरवर टाकले. "काल दिसल्या हो तुमच्या जाऊबाई. झपाझप चालत होत्या!"

धाकटी हसली नाही. "किती वाजता?"

"साडेनऊ असतील."

"हो. चालता येतं त्यांना," धाकटी म्हणाली. "चालवत नाही."

"म्हणजे?"

"आज चारला जा. बेल वाजवा आणि थांबा. दार उघडेपर्यंत थांबायचं हं, मधेच जायचं नाही. कळेल."

बाईंनी पावती घेतली, पर्समध्ये नीट घडी घालून ठेवली आणि गेल्या. गिऱ्हाईक बहुधा तुटलंच. मागून नवरा ओरडला, काय झालं? काही नाही, ती म्हणाली, आणि त्यांचे कोट उचलून हात वर करून दांडीवर टांगले. एक टांगला. दुसरा टांगला. मग मागचे नऊ होते, तेही टांगले. हात वर जात होता, येत होता, पुन्हा जात होता. ती मधेच थांबली आणि त्या हाताकडे बघत राहिली.